मी पान्हा कावून चोरला

मित्रांनो, मी म्हैस हाय. जुनी हाय, पण भाकड न्हाई, हे आधीच सांगून ठिवते. जुनं म्हणलं की लोक लगेच बाजाराचा रस्ता दाखिवतेत. माझं नाव लंका.

आष्टीकडच्या माळावर सटवा नावाचा एक जनावरं राखणारा होता. त्याच्या कळपात माझा जल्म झाला. मी इतकी काळी होते की सटवानं भर दुपारी कंदील लावून मला हुडकलं. शिंगं तर अशी वाढायला लागली की थांबायचं नावच घेईनात. पुढं एका शिंगावर घरची धुणी वाळायची आन् दुसऱ्याला टीव्हीची छत्री बांधलेली. मी मान हलवली की मालिका बदलायची.

खोटं वाटतं? मंग तुमी तवा कुठं होतात? मी तिथं होते.

मला अजिनाथनं इकत घेतलं आन् उमापूरच्या शिवारात त्याच्या वस्तीवर आणलं. घरात माणसं मोजकीच. अजिनाथ, त्याची माय रतनबाई आन् बायको वनमाला. अजिनाथ मोठ्या मिशीचा, तोंडानं भडाभडा, पण मनानं गरीब. रतनबाईचं तोंड म्हणजे पेटती चूल, तिच्यावर भाकरी बी भाजती आन् हात बी. वनमाला मातर गावाची आशाताई. पोटुशा बायांना दवाखान्यात न्यायचं, लेकरांना डोस द्यायला आणायचं, कुणाला ताप, कुणाला खोकला, सगळं तिनंच बघायचं.

माझी धार वनमालाच काढायची. पहाट फुटली की ती गोठ्यात यायची, माझ्या पाठीवर थाप मारायची आन् कासंखाली बसायची. काय तिचा हात होता मित्रांनो. नवरीला हळद लावावी असा मऊ. तिनं सडाला हात लावला की मी पान्हा सोडायची. दूध इतकं की अजिनाथनं बादली सोडून पाण्याची टाकीच लावावी का, असा इचार केलता. आन् साय इतकी जाड की घरची मांजर पातेल्याच्या ह्या काठावरून त्या काठाला सायीवरून चालत जायची. पायाला थेंब लागायचा न्हाई.

धार काढता काढता वनमाला मला सगळ्या गावाचं सांगायची. कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, कोणता म्हातारा गोळ्या चपलेखाली लपिवतो, कोण लेकराला डोस द्यायचा म्हणलं की घराला कुलूप लावून ज्वारीत पळतं. मी ऐकायची आन् रवंथ करायची. गावातलं एवढं गुपित माझ्या पोटात हाय की मी निवडणुकीला उभी ऱ्हायले तर समोरचे सगळे अर्ज मागं घेतील.

गोठ्याच्या कुडापाशी लोकं बी यायचे. आशाताई दिवसभर हिंडती, मंग घावती कवा? तर धारेच्या टायमाला. धार काढणारं माणूस उठून पळत न्हाई, हे गावाला पक्कं ठावं. कुडावरून मुंडकं घालायचं आन् सुरू व्हायचं. वनमाला समद्यांना उत्तर द्यायची, आन् हात चालूच.

एक डाव तिला मोठ्या गावाला ट्रेनिंगला बोलावलं. मन शांत कसं ठिवायचं, त्याचं ट्रेनिंग होतं. तिथं म्हणे एका सायबानं लांब श्वास घ्यायला शिकिवलं. नाकानं घ्यायचा, मनात चार मोजायचे, तोंडानं सोडायचा. दुसऱ्या दिशी पहाटं वनमालानं माझ्याजवळ बसून डोळे मिटले आन् श्वास आत घेतला. तितक्यात मी शेण टाकलं. पण बाई पक्की, तिनं चार मोजायला घेतले. दोनवर फोन वाजला. वरच्या मॅडमचा आवाज आला, "ताई, कालच्या ट्रेनिंगनं ताण किती कमी झाला ते ऑनलाइन भरायचं राहिलंय तुमचं. सकाळी नऊच्या आत भरा, न्हाईतर वरून मला बोलणी बसतेत."

वनमालाचा श्वास आतच ऱ्हायला. मला वाटतं तो अजून बी कुठंतरी आत असंल.

पर हे हसण्यावारी गेलं. खरं कोडं पुढंच.

गावात शिवकन्या नावाची एक पोर होती. नवऱ्याबरोबर ऊस तोडायला गेलती. पोटुशी होती, सातवा महिना सरता सरता फडावरून माघारी आली, काटकी झाल्यावानी. वनमाला रोज तिच्या दाराला जायची. गूळ-शेंगदाणे न्यायची, गोळ्या आपल्या डोळ्यादेखत गिळायला लावायची. एका दुपारी शिवकन्याच्या पोटात अचानक कळा सुरू झाल्या. वनमालानं गाडी बोलावली, तिच्याबरोबर गेली. लेकरू वाटंतच झालं. दवाखान्यात पोचलं, डॉक्टरनं लई खटपट केली, पण टिकलं न्हाई.

वनमाला घरी आली, हातपाय धुतले आन् भाकरी थापायला बसली. रडली न्हाई. दुसऱ्या दिशी सर्वे होता, तिकडं गेली. पारावर कुणीतरी म्हणलं, "आशानं गाडी येळेवर बोलावली आसती तर वाचलं आसतं." ते बोलणं दुपारपतुर वनमालाच्या कानावर आलं. तिनं ऐकलं आन् सर्वेसाठी पुढच्या घराचं दार वाजिवलं. घरात काही सांगितलं न्हाई.

पर त्या दिवसापसून तिचा हात बदलला.

हळद लावणारा हात ट्रॅक्टरचा नट आवळल्यावानी झाला. बोटं गार, मनगट ताठ. आधी मला वाटलं चुकून झालं आसंल. पर रोजच तसं. बोलणं बंद. फोन वाजला की ती दचकायची, ती दचकली की मी दचकायची, आन् मी दचकले की पान्हा वर चढायचा. मित्रांनो, आमचं म्हशीचं असंच आसतंय. धार काढणाऱ्याच्या पोटात भीती आसंल तर ती त्याच्या बोटातून आमच्या कासंत उतरती. माझ्या वगारीनं, म्हणजे माझ्या लेकीनं, कासंला ढुशा दिल्या तरी उपयोग न्हाई. मी मनात आणून बी दूध सोडू शकत नव्हते.

लोकांनी म्हणलं, लंका दूध चोरती.

मला चोर म्हणलं. टाकी भरणाऱ्या म्हशीला.

रतनबाईनं आधी माझी दृष्ट काढली. मिरच्या, मीठ, मोहऱ्या माझ्यावरून उतरून चुलीत टाकल्या. त्याचा धूर असा उठला की मी एक शिंक दिली, आन् गोठ्यावरचा एक पत्रा पार चकलांबा गावात जाऊन पडला. मंग गळ्यात काळा दोरा आला. मंग कुणीतरी म्हणलं, तिला उष्ण झालं आसंल, मेथ्या चारा. दुसऱ्यानं म्हणलं, थंड झालं आसंल, बाजरीच्या घुगऱ्या अन् गूळ चारा. मी दोन्ही खाल्लं. औषधाला नाही म्हणू नये.

अजिनाथनं मोबाइलवर बासरी लावून माझ्या कानाला धरली. मला बासरी आवडली, पण मोबाइलचं कव्हर त्याहून चवीला चांगलं निघालं.

ह्या सगळ्या गडबडीत एक गंमत बघा. मला घुगऱ्या, गूळ, दोरा, दृष्ट, बासरी. आन् जिचा हात लाकूड झाला होता ती वनमाला उभ्या उभ्या चहा ढोसून पळत होती. ताटातली भाकरी तशीच. रातच्याला डोळा लागत न्हाई म्हणून डोळ्याखाली माझ्यापरीस काळं. पर तिला कुणी इचारलं न्हाई. ती गावाला गोळ्या देती, मंग तिला काय होणार, असं सगळ्यांना वाटायचं.

शेवटाला रतनबाईनं ठरीवलं. "अजिनाथा, चारा काय फुकट येतोय का? ही भाकड झाली. बजरंगाला बोलाव. रविवारी टेंपो घेऊन यील आन् बाजारात नील."

बजरंग म्हणजे जनावरांचा व्यापारी. तो म्हशीकडं बघतो तवा त्याला म्हैस दिसत न्हाई, वजन दिसतं. त्याचं नाव ऐकलं आन् मी तोंडातला घास तसाच गव्हाणीत टाकला. म्हातारी म्हैस बाजारात गेली की पुढं कुठं जाती, हे कोणतीच म्हैस माघारी येऊन सांगत न्हाई.

वनमाला एवढंच म्हणली, "आत्याबाई, थोडं थांबा ना."

"किती थांबू? तुझ्या हाताला यश न्हाई ऱ्हायलं वनमाले."

रतनबाई दुधाचं बोलली. पर वनमालाचा चेहरा असा झाला की जसं कुणी दुसरंच काही बोललं. ती पिशवी घेऊन निघून गेली.

अजिनाथला माझी माया लई. शनवारी त्यानं जनावराचे डॉक्टर मोहनराव यांना आणलं. त्यांनी माझा ताप बघितला, कास दाबली, सड तपासले, जीभ वढून बघितली. मंग हात धुता धुता म्हणले, "हिला काही झालेलं नाही. चांगली घोड्यासारखी आहे. धार कोण काढतं?"

"सून काढती," रतनबाई म्हणली.

"तिला झोप लागते का? जेवते का नीट?"

"आता तुमी म्हशीचे डॉक्टर का सुनंचे?"

"रतनबाई, म्हैस धार काढणाऱ्याचा आरसा असते. सुनेला काहीतरी जड झालंय. तिच्याशी बोला, तिला थोडी विश्रांती द्या. लागलं तर चांगल्या डॉक्टरला दाखवा."

अजिनाथनं डोकं खाजीवलं. "मंग उद्या मी धार काढू का?"

"तुला ती पान्हा सोडायची नाही. तिला सुनेच्या वासाची सवय आहे. बायकोची साडी नेसून बस, पदर पुढं घे. बघ सोडली तर."

बघा मित्रांनो, डॉक्टरनं दोन उपाय सांगितले. एक बोलण्याचा, एक साडीचा. घरानं सोपा होता तेवढा घेतला.

आइतवार उजाडला. वनमालाला त्या पहाटं कधी नव्हं तो डोळा लागलता. अजिनाथनं तिला उठिवलं न्हाई. तिचा फोन वाजून ती जागी व्हईल म्हणून फोन बी त्यानंच कमरंला खोचला. आशाच्या कामाची साडी नेसला, म्हणजे गुंडाळली म्हणा, मक्याच्या कणसाला पाला गुंडाळलेला आसतो तशी. पदर नाकापतुर वढला आन् गोठ्यात आला.

मी काय आंधळी हाय? पदराच्या खालून मिशीची दोन टोकं माझ्या शिंगावानी बाहेर आलती. पर बाजाराची भीती होती आन् बिचाऱ्यानं एवढा सोस केलाय, मी म्हणलं चला, हे घरचंच हाय. मी डोळे मिटले. साडीला वनमालाचा वास होता. पान्हा हळूच खाली यायला लागला.

तेवढ्यात कुडावर मुंडकं आलं. शेजारचे आप्पा.

"वनमालाताई, बरं झालं घावलीस. माझं ते पोट गं. चार दिवस झाले, काहीच न्हाई. पोटावर बोट मारलं की हलगीवानी वाजतंय."

अजिनाथ बोलला आसता तर आवाज वळखू आला आसता. तो बारीक आवाजात म्हणला, "हं."

"आन् दुसरं जरा खाजगी हाय." आप्पांनी ते दुसरं सांगितलं. मित्रांनो, ते मी तुमाला सांगणार न्हाई, तुमी लहान हाव. पर ते ऐकून मी सुद्धा दुसरीकडं बघितलं. "हे कुणाला बोलू नको बरं. आन् अजिनाथला तर मुळीच न्हाई. त्याच्या तोंडात तीळ भिजत न्हाई. त्याला सांगितलं की गावात दवंडी."

"हं," अजिनाथ म्हणला. ह्या टायमाला जरा जाड निघाला.

"सर्दी झाली वाटतं तुला. काढा पी," म्हणून आप्पा गेले.

त्यांच्या पाठीमागं एक बाई आली. तिला दवाखान्याचं कार्ड पायजेल होतं आन् ते अजून का आलं न्हाई म्हणून ती अजिनाथच्या पाठीवर बडबडून गेली. मंग एकजण आला, त्याची सून डोस देऊ देत न्हाई, तर तिला आशानंच येऊन समजवायचं आन् वर त्याचं नाव सांगायचं न्हाई. कमरंला फोन थरथरला. अजिनाथनं बटण दाबलं तर मॅडमचा आवाज, "ताई, तुमच्या गावाचा डोसचा आकडा अजून लाल दिसतोय. तुमच्यामुळं आपण सगळे मागं आहोत." तो संपला न्हाई तर दुसरा. दुसरा संपला न्हाई तर तिसरा.

दिवस अजून पुरता उगवला बी नव्हता.

अजिनाथची बोटं गार पडत चालली. मनगट ताठ झालं. मी म्हणलं, आला का तू बी त्याच वाटंला. पान्हा गपकन वर.

आन् तवा शिवकन्या आली. कुडाच्या बाहेर न्हाई, आत आली. माझ्या पलीकडच्या अंगाला, गव्हाणीपाशी उभी ऱ्हायली. पोरीचा आवाज खाली गेलता.

"ताई, तुमी तवापसून माझ्या दाराला आला न्हाईत. मला वाटलं माझ्यावर रागावलात. लोकं म्हणतेत तुमी गाडी उशिरा बोलावली. मी होते की तिथं. माझ्या सासरच्यांनीच आधी नगं म्हणलं, तुमी पाया पडून गाडी बोलावली. वाटंत लेकरू तुमच्याच पदरात होतं. दवाखान्यापतुर तुमी त्याला छातीशी धरून ऊब दिली. मी समद्यांना सांगते, पर माझं कोण ऐकतंय. तुमी तरी ऐका. तुमची काय बी चूक न्हाई."

अजिनाथच्या तोंडून "हं" निघालं न्हाई. ह्यातलं एक अक्षर त्याला ठावं नव्हतं. एकाच चुलीवरची भाकरी खाऊन ठावं नव्हतं. त्याच्या डोळ्याचं पाणी मिशीवरून माझ्या पायावर टपकलं. मंग त्यानं नाक वढलं, आन् ते असं वढलं की पदर मागं पडला.

शिवकन्यानं वाकून बघितलं. "आगं माय, दाजी."

तेवढ्यात घरातून वनमाला आली. उशीर झाला म्हणून केस बांधत पळतच आली. बघती तर तिच्या साडीत तिचा नवरा, मिशीला पाणी, हातात रिकामी बादली, आन् कमरंला तिचा फोन कोकलतोय.

"आवो, हे काय?"

"डॉक्टरनं सांगितलं," अजिनाथ म्हणला.

वनमाला हसायला लागली. आधी तोंडावर हात धरून, मंग हात सोडून. पोट धरून ती पेंडीच्या पोत्यावर बसली. किती दिवसांनी तिचं हसणं गोठ्यात आलं, मी कान टवकारले. हसता हसता आवाज फाटला आन् ते रडणं झालं. साधं न्हाई, आतून, लेकरू गेल्यापसून साठलेलं.

शिवकन्या तिच्याजवळ बसली. वनमाला म्हणली, "तुझ्या दाराला यायला धजले न्हाई गं. तोंड कसं दाखवू?"

"मी रोज वाट बघत होते ताई."

अजिनाथ साडी सावरत खाली बसला. "मला कावून सांगितलं न्हाईस?"

"तुमी इचारलंच न्हाई," वनमाला म्हणली.

फोन परत वाजला. त्यानं तो बंद केला आन् घुगऱ्याच्या टोपल्यात खुपसला.

मंग वनमाला उठली. डोळे पुसले न्हाईत, तशीच माझ्याजवळ आली आन् माझ्या कुशीला कपाळ टेकलं. तिचा हात सडाला लागला. अजून गार होता, पर मऊ होता. मित्रांनो, मी जो पान्हा सोडला तो इचारू नका. बादली भरली, घागर भरली, रतनबाईचा तांब्या भरला. उरलेलं दूध उताराला लागलं आन् खालच्या रानातली तूर त्या साली पांढरी पिकली.

गलका ऐकून रतनबाई बाहेर आली. साडीतल्या लेकाकडं बघितलं, सुनंकडं बघितलं.

"अजिनाथा, एक सून मला पुरत होती की."

तेवढ्यात टेंपो आला. बजरंग दावं घेऊन उतरला. "काकू, म्हैस काढा. आन् ही नवी पाव्हणी कोण?"

रतनबाई भरल्या बादलीकडं बघत ऱ्हायली, मंग वनमालाच्या सुजल्या डोळ्याकडं. मंग म्हणली, "बजरंगा, चहा घे आन् टेंपो रिकामाच ने. म्हैस बरी हाय आमची. आमीच जरा आंधळे झालतो."

बजरंगानं तरी माझ्या शिंगाला हात लावून बघितला. मी त्याच्या पायावर पाय ठिवला. मुद्दाम न्हाई. म्हणजे मुद्दामच, पर हळू.

त्या दिशी रतनबाईनं सुनंला आपल्या समोर बसवून गरम भाकरी वाढली. तोंडानं करकर चालूच होती, "खा, काटकी झालीस, लोकं मला नावं ठिवतील," पर ताट रिकामं होईपतुर हालली न्हाई. अजिनाथनं वनमालाला दवाखान्यात मनाच्या डॉक्टरकडं नेलं. आशांच्या पुढच्या मीटिंगला वनमालानं त्या लेकराचं समद्यांसमोर सांगितलं. तर एकेक आशा बोलायला लागली. कुणाच्या पोटात एक दुःख दडलेलं, कुणाच्या पोटात तीन. वरच्या मॅडम बी रडल्या. त्यांना बी वरून रातंदिस मेसेज येतेत, हे आमाला तवा कळलं.

आता धारेच्या टायमाला कुडापाशी अजिनाथ बसतो. कुणी आलं की म्हणतो, "धार हू द्या, मंग ताई घावतील. तवर मला सांगा." आप्पा मातर त्याला काहीच सांगत न्हाईत. रामराम घालून खाली मान घालून बसतेत, आन् अजिनाथ त्यांना न इचारता गरम पाणी आणून देतो.

वनमालाचे सगळेच दिवस चांगले जातेत असं न्हाई. एखाद्या पहाटं हात परत गार येतो. मंग मी पाय आपटते आन् पान्हा वर घेते. अजिनाथ लगेच उठून येतो आन् इचारतो, "काय झालं, सांग." माझं हे काम आता दुधापरीस मोठं झालंय.

तर मित्रांनो, तुमच्या गावात बी एक आशाताई आसंल. ती दाराला आली की घराला कुलूप लावून पळू नका. गोळी मागायच्या आधी तिला पाणी द्या, इचारा, "ताई, जेवलात का? बसा जरा." आन् ती हसून म्हणली की मी बरी हाय, मला काय धाड भरलीय, तर लगेच इश्वास ठिवू नका.

तिच्या म्हशीला इचारा.